एमएससाठी चालायचं ठरवलंय? मग आधी मागायला शिका : नवी मुंबईत निधी-वॉक उभा करताना

वॉकथॉन करायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली चर्चा टी-शर्टच्या रंगावर होते आणि दुसरी प्रमुख पाहुणे कोण यावर. पैसे किती जमवायचे, कोणी कोणाकडे मागायचे, हा विषय बैठक संपता संपता निघतो, तेव्हा अर्धी मंडळी चपला घालत असतात. मग दीडशे माणसं चालतात, फोटो छान येतात आणि मंडप, टी-शर्ट, नाश्ता वजा जाता संस्थेच्या हातात जे पडतं ते सांगायलाही संकोच वाटतो.

चालणं हे निमित्त असतं. निधी जमतो तो आधीच्या सहा आठवड्यांत, प्रत्येक चालणाऱ्याने आपापल्या माणसांना केलेल्या फोनांतून. म्हणून एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) या आजाराच्या रुग्णांसाठीच्या वॉकवरच्या या लेखात मागण्याच्या कामाला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. लिहिताना नेरूळ-सीवूड्स-बेलापूरचा परिसर डोळ्यांसमोर आहे. ठाणेकरांनी जागांची आणि कार्यालयांची नावं बदलून घ्यावीत.

आजार नीट समजून घ्या, कारण आखणी त्यावर ठरते

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांचा आजार. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या वायरवरचं रबर जागोजागी सोललं गेलं तर जे होईल तेच इथे होतं : संदेश अडखळतो, उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही. त्यामुळे कोणाला एका डोळ्याने धूसर दिसू लागतं, कोणाचा पाय ओढला जातो, कोणाचा तोल जातो, कोणाला हातापायांना मुंग्या येतात. थकवा तर बहुतेकांना असतो आणि तो झोप काढून जात नाही.

निदान बहुतेकदा २० ते ४० या वयात होतं. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये प्रमाण दुपटी-तिपटीने जास्त. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार जगभरात सुमारे २८ लाख लोकांना हा आजार आहे. तो संसर्गजन्य नाही. पूर्ण बरा करणारा उपाय आज नाही, पण त्याचे झटके कमी करणारी आणि वेग मंदावणारी औषधं आहेत. ती वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. त्यात अधूनमधून एमआरआय, शिवाय फिजिओथेरपी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत एमएस आहे, ही गोष्ट खुद्द रुग्णांच्या घरीही अनेकदा माहीत नसते.

आयोजकाला लागणारी सगळ्यात महत्त्वाची माहिती मात्र वेगळीच आहे : उष्णता. शरीराचं तापमान थोडंसं जरी वाढलं तरी एमएस असलेल्या अनेकांची लक्षणं तात्पुरती बळावतात. नजर धूसर होते, पाय जड होतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवलं, म्हणून त्याला उथॉफचं नाव आहे. शरीर थंड झालं की लक्षणं ओसरतात. पण ज्यांच्यासाठी आपण चालतोय त्यांनाच उन्हात उभं करून चक्कर आणायची नसेल, तर तारीख, वेळ, जागा हे सगळं यावरूनच ठरवायला हवं.

संस्था आणि खातं : हे पक्कं होईपर्यंत एक रुपयाही घेऊ नका

स्वतःच्या गूगल पेवर पैसे गोळा करून शेवटी चेक देऊ, हा विचार सोयीचा वाटतो पण तो पहिल्याच दिवशी सोडून द्या. तुमच्या बचत खात्यात दोन-तीन लाख जमा झाले की त्याचा खुलासा तुम्हाला करावा लागेल, देणगीदाराला करसवलतीची पावती मिळणार नाही आणि गावभर कुजबुज होईल ती वेगळीच. शिवाय नोंदणीकृत न्यास नसलेल्या व्यक्तीने किंवा मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे तोंडपाठ असतं.

सोपा मार्ग म्हणजे आधीपासून काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेसोबत जाणं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही १९८५ साली मुंबईत स्थापन झालेली संस्था आहे, तिच्या वेगवेगळ्या शहरांत शाखा आहेत. एखाद्या रुग्णालयाचा धर्मादाय न्यास किंवा पुनर्वसनाचं काम करणारी स्थानिक संस्थाही चालेल. कोणतीही असो, बोलणी करताना काही प्रश्न स्पष्ट विचारा. ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं, प्रमाणपत्र चालू आहे का? आपल्या वॉकचे पैसे स्वतंत्र शीर्षाखाली दाखवाल का? ते नेमके कशावर खर्च होतील? पावती किती दिवसांत? या चार उत्तरांचं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह घ्या. पुढे सोसायटीचा सेक्रेटरी, कंपनीचा एचआर आणि तुमचा शंकेखोर मेहुणा, तिघांनाही तेच पत्र दाखवायचं आहे.

हेतू जितका नेमका, तितकं मागणं सोपं. ‘एमएसच्या जनजागृतीसाठी’ म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. ‘घरी येऊन फिजिओथेरपी देण्यासाठी’ किंवा ‘ज्यांना परवडत नाही त्यांच्या एमआरआयसाठी’ म्हटलं की तो विचारतो, एका वेळेला किती लागतात? हा प्रश्न आला की निम्मं काम झालं. संस्थेकडून तो आकडा आधीच घेऊन ठेवा. एका विशिष्ट रुग्णाच्या रुग्णालयाच्या बिलासाठीचं आवाहन मात्र यात मिसळू नका. त्याची घाई, भावना आणि हिशेब सगळं वेगळं असतं.

करसवलतीबद्दल थोडक्यात, कारण विचारणारे खोदून विचारतात. ८०जीची वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते. सर्वसाधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर, तीही ठरावीक मर्यादेत. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या देणगीवर ती मिळत नाही. देणगीदाराचा पॅन लागतो. यूपीआयने पैसे टाकताना पॅन आपोआप जात नाही. म्हणून क्यूआरच्या शेजारीच एक गूगल फॉर्म ठेवा : नाव, पत्ता, पॅन, रक्कम, यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) आणि ‘कोणाच्या सांगण्यावरून दिले’. शेवटचा रकाना विसरू नका. कोणी किती जमवले हे त्यावरूनच कळणार आहे.

नवी मुंबईत घरटी एक जण परदेशात, त्यामुळे हेही ध्यानात ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातेवाइकाचे पैसे चालतात. ज्याने अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलंय, अगदी ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचे पैसे परकीय देणगीत मोडतात. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आणि तेवढ्यासाठीचं दिल्लीतल्या स्टेट बँकेतलं खातं लागतं. संस्थेकडे ते नसेल तर न्यू जर्सीच्या आत्येभावाला क्यूआर पाठवू नका. फार तर त्याला त्याच्या इथल्या मित्रांकडे तुमच्यासाठी शब्द टाकायला सांगा.

तारीख

जागतिक एमएस दिन ३० मे रोजी असतो. साहजिकच पहिला विचार त्याच दिवशी चालण्याचा येतो. करू नका. मे अखेरीला आपल्याकडे सकाळी सातलाही घामाच्या धारा लागतात. त्या दिवशी वातानुकूलित सभागृहात व्याख्यान ठेवा, वॉक नको.

माझं मत जानेवारीचा शेवटचा किंवा फेब्रुवारीचा पहिला रविवार. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचा रविवार टाळायचा, नाहीतर चालणारे सगळे तिकडे. बारावीची परीक्षा सुरू व्हायच्या आत उरकायचं, नाहीतर आईबाप येत नाहीत. आणि या तारखेचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मधले हळदीकुंकवाचे दिवस. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नेरूळ-बेलापूरच्या प्रत्येक सोसायटीत बायका जमतात. एमएस हा तरुण स्त्रियांमध्ये जास्त दिसणारा आजार. वाण लुटण्याआधी यजमानीणबाईंकडे पाच मिनिटं मागून घ्या, क्यूआरची छोटी कार्डं तिळगुळासोबत वाटा. एका संध्याकाळी तीस-चाळीस घरांपर्यंत पोहोचण्याचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही.

वेळ : साडेसहाला जमायचं, सातला निघायचं, नऊला आवरायचं. त्या दिवसांत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे चालण्याचा बराचसा भाग कोवळ्या उन्हात होतो. शिवाय हार्बर मार्गावरच्या लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो. पनवेलहून, मानखुर्दहून आलेली माणसं त्याआधी गाडीत बसलेली हवीत. हिवाळ्यात पहाटे धुरकं असतं. आदल्या दिवशी हवेचा निर्देशांक बघून ठेवा, आणि फार वाईट असेल तर दम्याच्या लोकांना सरळ सांगा की चालू नका, नाश्त्याला या.

जागा

पामबीच रस्ता फोटोत देखणा दिसतो, पण तिथे गाड्या सुसाट जातात आणि बंदोबस्ताशिवाय एक लेनसुद्धा मिळणार नाही. त्याच रस्त्यालगतचं नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई आपल्या कामाला जास्त बरं : पाण्याकाठचा सपाट ट्रॅक, गाड्या नाहीत, सकाळी आधीच चालणाऱ्यांची वर्दळ. खारघरचं सेंट्रल पार्क मोठ्या गर्दीसाठी विचारात घ्या. वाशीकरांसाठी मिनी सीशोर आहे. ठाण्यात उपवन तलावाचा काठ किंवा पाचपाखाडीचा कचराळी तलाव. येऊरचा चढ मात्र नको.

जागा निवडताना स्वतः जाऊन, शक्यतो एमएस असलेल्या किंवा वॉकर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला सोबत घेऊन, सकाळी त्याच वेळेला चालून बघा. निरोगी माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी तेव्हा दिसतात. प्रवेशद्वाराशी दुचाकी आत येऊ नयेत म्हणून लावलेले लोखंडी अडसर व्हीलचेअरलाही आत येऊ देत नाहीत. पेव्हर ब्लॉकची उचकटलेली कड ज्याचा पाय ओढला जातो त्याला बरोबर पाडते. बाक नेमका तिथे असतो जिथे सावली नाही. आणि स्वच्छतागृह असतं, पण कुलूपबंद, किल्ली सुरक्षारक्षकाकडे आणि सुरक्षारक्षक चहाला.

स्वच्छतागृहाचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. एमएसमध्ये मूत्राशयावरचं नियंत्रण अनेकांना त्रास देतं. लागली की लगेच जावं लागतं. त्या भीतीने कित्येक जण घराबाहेरच पडत नाहीत. पाश्चात्य पद्धतीचं, आत पकडायला दांडी असलेलं स्वच्छतागृह सुरुवातीला एक आणि मार्गाच्या मध्यावर एक, हे जमत नसेल तर जागा बदला.

मार्ग गोलाकार ठेवा. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या मार्गात दमलेल्या माणसाला मागे वळायची सोय नसते. गोल मार्गात अर्धा किलोमीटर, तीन किलोमीटर आणि पाच किलोमीटर हे तिन्ही गट एकाच ठिकाणी बसतात, आणि अर्धा किलोमीटर चालून खुर्चीत बसलेल्या माणसालाही शेवटपर्यंत सगळ्यांसोबत राहता येतं. वेळ मोजू नका, नंबर काढू नका.

परवानग्या

बागेत किंवा ट्रॅकवर चालणार असाल तर ती जागा कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. नवी मुंबईत काही जागा महापालिकेच्या, काही सिडकोच्या. महापालिकेची असेल तर बेलापूरच्या मुख्यालयात उद्यान विभागाच्या नावे अर्ज द्यायचा. त्याची प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला. रस्त्यावरून शंभर मीटर जरी चालणार असाल तरी वाहतूक शाखेचं ना-हरकत लागतं. ठाण्यात हीच कामं ठाणे महापालिका आणि ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे.

अर्ज नेहमी दोन प्रतींत. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन फाइलला लावायची. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ याला कागदावर किंमत नाही. अर्जात संस्थेचं पत्र, मार्गाचा नकाशा, अंदाजे संख्या, सुरू आणि संपण्याची वेळ, रुग्णवाहिकेची सोय, कचरा उचलण्याची हमी आणि दोन जबाबदार व्यक्तींचे मोबाइल क्रमांक द्या. किमान दीड महिना आधी. निवडणुकीची आचारसंहिता लागायची शक्यता असेल तर आणखी आधी विचारून ठेवा.

ध्वनिवर्धकावर रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र असतं. मला तर वाटतं, ध्वनिवर्धक नकोच. हातातला मेगाफोन पुरतो, रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायची नसल्याने त्यांच्या परवान्याची भानगडही उरत नाही, आणि रोज तिथे शांतपणे चालायला येणाऱ्यांचे शिव्याशाप वाचतात. त्या रोजच्या मंडळींना दोन आठवडे आधी जाऊन भेटा. हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, योगाचे गट. निम्मे तर तुमच्यासोबत चालतील, कारण ते तसेही चालणारच आहेत.

मागायचं कसं

आधी साधं गणित. समजा १५० जणांकडून ३०० रुपये प्रवेशशुल्क घेतलं : ४५,००० रुपये. टी-शर्ट, नाश्ता, पाणी, मंडप यांत त्यातले बहुतेक जातात. शिवाय टी-शर्ट-नाश्त्याच्या बदल्यात घेतलेलं शुल्क म्हणजे देणगी नव्हे, त्यावर ८०जीची पावती मागू नये. आता दुसरं गणित. त्याच १५० पैकी फक्त ६० जणांनी मनावर घेतलं आणि प्रत्येकाने दहा माणसांकडून सरासरी ५०० रुपये आणले : तीन लाख. नोंदणी मोफत किंवा नाममात्र ठेवा आणि अट घाला की प्रत्येकाने किमान पाच जणांकडून देणगी आणायची. गर्दी कमी होईल. होऊ द्या.

यासाठी चालणाऱ्यांचे आठ-दहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमा. सोसायटीचा गट, कंपनीचा गट, शाळेच्या जुन्या बॅचचा गट. बॅचचे गट सगळ्यात जोरदार निघतात, कारण तिथे चेष्टा करून पैसे काढता येतात. गटप्रमुखांची एक बैठक घ्या आणि तिथल्या तिथे प्रत्येकाला वीस नावं लिहायला लावा. मोबाइलमधली यादी उघडायची आणि लिहायची. घरी जाऊन लिहितो म्हणणारा लिहीत नाही.

यादी झाली की पहिली देणगी स्वतःची टाकायची. जो स्वतः देत नाही त्याला मागताना जीभ अडखळते. मग ज्यांच्याकडून मोठी रक्कम येईल असे तीन-चार जण आधी गाठायचे. वर्गणीच्या पावतीपुस्तकाचा अनुभव सगळ्यांना आहे : माणूस आधी वर कोणी किती दिले ते बघतो आणि मगच स्वतःचा आकडा सांगतो. वर ५,००१ आणि २,००१ दिसले तर खाली ५०१ पडतात. वर १०१ असतील तर तेच ५०१ चे १०१ होतात.

मेसेज कसा असावा? ग्रुपवर पोस्टर टाकून काही होत नाही. हात जोडलेले इमोजी येतात, पैसे येत नाहीत. एकेकाला, त्याच्या नावाने, रक्कम सांगून मागा. आतेकडच्या काकांना असा :

‘काका, नमस्कार. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी नेरूळला एमएसच्या रुग्णांसाठी मी तीन किलोमीटर चालणार आहे. हा मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार, ऐन पंचविशी-तिशीत होतो, आणि बायकांना जास्त. जमलेले पैसे ज्यांना परवडत नाही त्यांच्या फिजिओथेरपीला जातील. तुमच्याकडून १,००१ रुपये हवे आहेत. थेट संस्थेच्या खात्यात जातील, पावती तुमच्या नावाने येईल. संध्याकाळी फोन करते, काकूंशीही बोलायचंय.’

ऑफिसातल्या टोळक्याला हाच मेसेज पाठवला तर कोणी वाचणार नाही. तिथे असा :

‘रविवारी सकाळी साडेसहाला मी नेरूळला उभी असणार आहे. ज्यांचा विश्वास नाही त्यांनी प्रत्येकी ३०० रुपये या क्यूआरवर टाकावेत, संस्थेचा आहे, माझा नाही. आले नाही तर सोमवारी सगळ्या फ्लोअरला वडापाव माझ्याकडून.’

दोन्हींत रक्कम आहे, कशासाठी ते आहे किंवा विचारायला जागा आहे, आणि पैसे तुमच्या खिशात जाणार नाहीत हे आहे. पगाराच्या आठवड्यात मागा, पंचवीस तारखेला नको. तीन दिवसांनी एकदा आठवण, मग एक फोन, मग थांबायचं. तिसऱ्या आठवणीनंतर माणूस पैसेही देत नाही आणि लग्नाचं आमंत्रणही देत नाही.

लोक जे विचारतात त्याची उत्तरं तयार ठेवा. ‘म्हणजे म्हातारपणी होतं ते कंपवाताचंच ना?’ नाही, कंपवात वेगळा, हा तरुणपणी सुरू होतो. ‘सरकार देत नाही का?’ दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर काही सवलती मिळतात, पण दर आठवड्याची फिजिओथेरपी त्यातून चालत नाही. ‘तुझ्या घरात कोणाला आहे का?’ हा प्रश्न येतोच, आणि उत्तर द्यायलाच हवं असं नाही. आमच्याकडे आजही लग्न ठरण्याआधी मुलीचं निदान लपवलं जातं, नोकरी जाईल म्हणून मुलगेही गप्प बसतात. देणगी मिळावी म्हणून कोणाचं नाव, फोटो, आजाराची कहाणी त्या व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय वापरू नका. संमती दिली तरी मेसेज फिरवण्याआधी तिला एकदा दाखवा.

सोसायटीच्या निधीतून द्या असा आग्रह धरू नका. सर्वसाधारण सभा, ठराव, हिशेब तपासनीस, आणि शेवटी एखादा सभासद पाच वर्षं तेच उगाळत बसतो. नोटीसबोर्डवर परवानगीने कागद लावा आणि घरोघरी वैयक्तिक मागा. निनावी दानपेटीही शक्यतो नको. ठरावीक मर्यादेपलीकडच्या निनावी देणग्यांवर संस्थेला कर बसतो आणि मोजताना चार साक्षीदार लागतात.

कंपन्या आणि प्रायोजक

ऐरोली, महापे, बेलापूरमध्ये कंपन्या भरपूर, म्हणून ‘सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) घेऊ’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत कोणीतरी टाकतंच. पण मॅरेथॉनसारख्या एकवेळच्या कार्यक्रमांवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्वही नाही. म्हणून वॉकसाठी सीएसआर मागू नका. संस्थेच्या वर्षभराच्या पुनर्वसन प्रकल्पासाठी मागता येईल. ते पत्र संस्थेने लिहावं आणि संस्थेची सीएसआर नोंदणी असावी. वॉकसाठी कंपनीकडून जास्त उपयोगाची गोष्ट वेगळी आहे : कर्मचाऱ्यांचा एक गट, आणि कर्मचारी जेवढे जमवतील तेवढेच कंपनीने घालायचे असा शब्द.

खर्चासाठी वस्तुरूपाने मदत घ्या. पाण्याचे जार एकाकडून, नाश्ता दुसऱ्याकडून, छपाई तिसऱ्याकडून. देणगीचा पैसा खर्चाला लावावा लागला नाही, हे मागताना फार कामाला येतं. औषध कंपनी पुढे आली तर एक रेघ आखा : बॅनरवर औषधाचं नाव नाही आणि सहभागींची यादी त्यांना देणार नाही. टी-शर्ट माझ्या मते नकोच. एमएसचा रंग नारिंगी आहे. घरातला नारिंगी कुर्ता, ओढणी, टोपी, काहीही घालून या म्हणा. फ्लेक्स लावू नका, कापडी फलक पुढच्या वर्षीही चालतो.

चालायच्या दिवशी

स्वयंसेवकांसाठी फिजिओथेरपीचं शिक्षण घेणारे विद्यार्थी शोधा. नेरूळच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात तो विभाग आहे. तोल जाणाऱ्या माणसाला दंडाला धरून ओढायचं नसतं, त्याला आपला हात पकडू द्यायचा असतो, हे त्यांना शिकवावं लागत नाही. दोन-तीन व्हीलचेअर जवळच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून आणा. ब्रेक लागतात का ते तिथेच बघा. सुरुवातीच्या जागी सावलीत पन्नासेक खुर्च्या आणि मार्गावर थोड्या थोड्या अंतरावर एकेक जोडी ठेवा. आईसबॉक्समध्ये ओल्या नॅपकिनांचे रोल ठेवा. ज्याला गरम होऊ लागेल त्याच्या मानेवर आणि मनगटावर तो नॅपकिन ठेवायचा, खुर्चीत बसवायचं, थंड पाणी द्यायचं. सोबत रुग्णवाहिका आणि एक डॉक्टर हवेतच. बाकी १०८ क्रमांक सगळ्या स्वयंसेवकांना माहीत असतोच.

कोणाच्याही छातीवर ‘रुग्ण’, ‘वीर’, ‘योद्धा’ असलं काही लावू नका. सगळ्यांना एकसारखीच नारिंगी फीत. मदत हवी असेल त्याने ती उजव्या मनगटावर बांधायची, एवढं आधी सांगून ठेवलं की पुरे.

नगरसेवक येतील, यायलाच हवेत, परवानगीत त्यांची मदत झालेली असते. त्यांना झेंडा दाखवायला द्या आणि दोन मिनिटं बोलायला. शाल-श्रीफळ नाही, हे आदल्या दिवशी त्यांच्या कार्यकर्त्याला प्रेमाने सांगा. न्यूरॉलॉजिस्ट आले असतील तर त्यांनाही पाचच मिनिटं, तीही चालून झाल्यावर, सावलीत. चाळीस मिनिटांचं प्रास्ताविक ऐकत उभं राहणं हे तीन किलोमीटर चालण्यापेक्षा एमएसच्या माणसाला जड जातं.

नाश्त्याला उपमा किंवा पोहे आणि संत्री. जानेवारीत एपीएमसीच्या फळबाजारात नागपुरी संत्र्यांची आवक असते, पेटीने घेतली तर स्वस्त पडतात आणि रंगही आपलाच. मेडल द्यायची गरज नाही, प्रत्येकाच्या हातात एक संत्रं द्या. साल टाकायला पिशव्या ठेवा. ट्रॅक आला होता त्याहून स्वच्छ करून सोडायचा, पुढच्या वर्षीची परवानगी त्यावर अवलंबून आहे. ज्यांनी द्यायचं कबूल करून अजून दिलेलं नाही, त्यांच्यासाठी नाश्त्याच्या टेबलाशेजारीच मोठा क्यूआर लावा. तिथे बसायला हिशेबात पक्की, ओळख नसलेल्यालाही हसून विचारू शकेल अशी एखादी मावशी हवी.

नंतर

त्याच रात्री गटप्रमुखांनी आपापल्या देणगीदारांना फोटो आणि दोन ओळी पाठवायच्या. फोटोत पाठमोरी गर्दी चालेल, संमती नसलेला चेहरा नको. वॉकनंतर आठवडाभरही पैसे येत राहतात, म्हणून फॉर्म लगेच बंद करू नका.

पंधरा दिवसांत हिशेबाचं एकच पान तयार करा : किती जणांकडून किती आले, वस्तुरूपाने काय मिळालं, खर्च काय झाला, तो कोणी सोसला, संस्थेच्या खात्यात किती गेले. यूटीआर क्रमांकांची यादी संस्थेच्या बँक विवरणाशी ताडून बघा. चार-पाच नोंदी हमखास जुळत नाहीत, बहुतेकदा नवऱ्याच्या खात्यातून पैसे आणि बायकोच्या नावाने फॉर्म असा प्रकार असतो. पावत्या निघाल्या का, याचा पाठपुरावा तुम्हीच करायचा. करसवलतीचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर संस्था देते, हे देणगीदारांना आधीच कळवा, नाहीतर मार्चअखेरीला फोन सुरू होतात.

मग ३० मे. त्या दिवशी देणगीदारांना बोलावून, किंवा नुसत्या मेसेजवर, संस्थेकडून मिळालेली माहिती द्या : तोवर किती जणांची किती सत्रं झाली, पैसे किती उरले आहेत. आकडा लहान असला तरी जसा आहे तसा कळवा. उद्यान विभागाकडे पुढच्या जानेवारीसाठीचा अर्ज दिवाळीच्या आधी गेला पाहिजे.